मडके वाजवून पाहावे

वाचकहो, गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता झाली, काल्याचा प्रसाद वाटून झाला, मांडव सुटला, की हल्ली आणखी एक काम मागे उरते. सात दिवसांत मोबाईलमध्ये भरून ठेवलेले भजन 'टाकायचे' असते. कुणी ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, कुणी मंडळाच्या नावाने यूट्यूबवर. टाकण्यापूर्वी मंडळातला एखादा हुशार तरुण ते कानाला लावून ऐकतो आणि त्याच्या लक्षात येते की दुसऱ्या चरणाला गळा पेटीशी जुळला नाही, तिसऱ्या अभंगात टाळ पुढे पळाले, मध्येच कुणी खोकले आणि विणेकरी बाबांचा आवाज चिरका लागला. हे सगळे सारखे करण्याची सोय त्याच्या हातातल्या फोनमध्येच आहे. तो विचारतो, "करू का नीट?"

औंढ्यापासून सेनगावपर्यंत, वसमतपासून कळमनुरीपर्यंत आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही भजनी मंडळात हा प्रश्न आज उभा राहू शकतो. त्यावर दोन उत्तरे लगेच येतात. ज्येष्ठ म्हणतात, "देवापुढे जे झाले ते झाले. त्याला कात्री कशाला लावायची? आपण काय नाटक कंपनी आहोत?" तरुण म्हणतात, "अहो बाबा, चार लोकांत जायचे तर माणूस धुतलेला सदरा घालून जातो. मग भजन का तसेच मळके पाठवायचे?" दोघांच्याही बोलण्यात भाव आहे. म्हणून घाईने कुणाची बाजू न घेता आपण हा प्रश्न जरा उकलून पाहू या.

प्रथम एक मर्यादा घालून घेऊ. ज्यांचा चरितार्थ गाण्यावर आहे, त्यांच्याविषयी हा विचार नाही. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी आपण ध्वनिमुद्रिकेवर ऐकतो, तेव्हा ती एका थोर कलावंताने आणि त्याच्या साथीदारांनी घडवलेली वस्तू आहे हे आपल्याला ठाऊक असते. तिथे कोणाची फसगत होत नाही. प्रश्न आहे तो हौशी गाणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा आमचा.

आणि हौशी हा शब्द आपल्या संप्रदायात हलका नाही. आपले संत पोटासाठी गाणारे नव्हते. नामदेव महाराज शिंपी कुळातले, गोरोबाकाका मडकी घडवणारे, सावता महाराज मळा पिकवणारे, सेना महाराज न्हाव्याचे काम करणारे, नरहरी महाराज सोनारकाम करणारे. दिवसभर हाताने काम आणि मुखाने नाम, ही आपली रीत. दिंडीत उभे राहायला गळ्याची परीक्षा द्यावी लागत नाही. गळ्यात माळ आणि हातात टाळ आले की माणूस रांगेत उभा राहतो; पुढच्याचे पाहून पाऊल टाकतो, शेजारच्याचे ऐकून चाल उचलतो. दहा वर्षांनी तोच मागच्याला शिकवतो. आपली गायनविद्या अशी रांगेतून पुढे सरकली आहे, हे ध्यानात ठेवूनच फोनमधल्या कात्रीचा विचार करावा लागेल.

आता तरुणांची बाजू आधी ऐकू, कारण ती सहज झिडकारण्यासारखी नाही.

नैवेद्याचा तांदूळ आपण निवडून घेतो. खडा सापडला तर "शेतातून आला तसाच देवाला वाहू" असे कोणी म्हणत नाही. मग अभंगातला खडा का राहू द्यावा? शिवाय ऐकणारा दूर असतो. कुणाचा मुलगा पुण्यात कारखान्यात कामाला, कुणाची लेक लग्न होऊन परराज्यात गेलेली. त्यांनी रात्री दमून आल्यावर गावचे भजन लावले आणि सुरुवातीची चार मिनिटे माईक जुळवण्याची खरखर, खुर्च्या ओढण्याचा आवाज आणि "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" हेच ऐकावे लागले, तर त्यात भक्ती कोणती? तो भाग काढून टाकणे ही त्या ऐकणाऱ्याची सेवाच आहे.

नव्या यंत्राला केवळ नवे म्हणून नावे ठेवणेही बरोबर नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, दोन स्वरांमधल्या सूक्ष्म जागा तिला दाखवता येत नाहीत, असा आक्षेप होता आणि तो खोटाही नव्हता. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. पण त्या काळातही गावोगावच्या भजनात पेटी वाजतच राहिली, आणि आज तिच्याशिवाय आपले भजनी मंडळ डोळ्यांपुढे येत नाही. लाऊडस्पीकर आला तेव्हाही जुन्यांनी कानांवर हात ठेवले असतील. यंत्र येते, काही नेते, काही देते. आपण पाहायचे ते इतकेच, की ते नेमके काय नेते.

ही कात्रीसुद्धा काही काल जन्मलेली नाही. आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपुरतेच गाणे मावत असे. त्यामुळे तासभर खुलणारी चीज तीन मिनिटांत आटोपावी लागे. पण जे गाइले ते एका दमात गाइलेले असे, चूक झाली तर सगळे पुन्हा गावे लागे. पुढे चुंबकीय फीत आली. ती ब्लेडने कापून जोडता येऊ लागली आणि आजचा पहिला भाग कालच्या दुसऱ्या भागाला चिकटवण्याची सोय झाली. कॅनडाचा ग्लेन गूल्ड हा मोठा पियानोवादक होता. त्याने १९६४ साली लोकांपुढे वाजवणे कायमचे सोडले आणि यापुढे फक्त ध्वनिमुद्रणच करीन असे ठरवले. तुकडे जोडून उत्तम वस्तू घडवण्यात अप्रामाणिकपणा नाही, असे तो उघड सांगत असे. त्याचे म्हणणे पटो न पटो, त्याने ते लपवले नाही, ही गोष्ट आपल्या पुढच्या विचाराला उपयोगी पडेल.

नंतर १९९७ साली अमेरिकेत ऑटोट्यून नावाची आज्ञावली आली. ती करणारा अभियंता पूर्वी जमिनीखालचे तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचा अभ्यास करत असे. भूगर्भाचा ठाव घेणारे गणित त्याने माणसाच्या गळ्याला लावले. बेसूर लागलेला स्वर ही आज्ञावली जवळच्या नेमक्या स्वरावर ओढून बसवते. आज तसली सोय साध्या फोनमध्येही मिळते. इथपर्यंत कात्री फक्त कापत आणि जोडत होती. इथून पुढे ती गळा बदलू लागली. हा फरक फार मोठा आहे.

आता ज्येष्ठांच्या म्हणण्याकडे वळू. "झाले ते झाले, तसेच राहू द्या." ऐकायला हे सरळ वाटते. पण फोनमध्ये जे भरले जाते, ते खरोखर झाले तसेच असते का?

मांडवात दोनशे माणसे एका सुरात गात असतात. कुणाचा सूर थोडा वर, कुणाचा थोडा खाली, पण सगळे मिळून एक भरघोस नाद तयार होतो आणि कानाला तोच जाणवतो. फोन मात्र एकाच जागी ठेवलेला असतो. ज्याच्या पुढ्यात तो असेल, त्याचा एकट्याचा गळा ढोबळ ऐकू येतो आणि बाकीचे एकशे नव्व्याण्णव दूर गेल्यासारखे होतात. फोन पखवाजाजवळ असेल तर अभंगाचा शब्दच कळत नाही. आणखी एक गंमत आहे. माणसाचे बोलणे स्पष्ट यावे म्हणून बहुतेक फोनमध्ये मागचा सतत चालणारा आवाज दाबण्याची योजना असते. पंख्याची घरघर त्यामुळे कमी होते. पण विणेचा झंकारही सतत चालणाराच! सात दिवस, सात रात्री जी वीणा आपण खाली टेकू दिली नाही, पहारे वाटून घेऊन जिचा नाद अखंड राखला, तीच त्या बिचाऱ्या यंत्राला गोंगाट वाटू शकते आणि ते तिलाच पुसून टाकते.

म्हणजे हात न लावलेली क्लिप हे काही पूर्ण सत्य नव्हे. तीही एका कोपऱ्यातून, एका यंत्राच्या समजुतीने घेतलेली अर्धवट साक्ष आहे. पुढ्यातला एकच गळा थोडा खाली आणून मागचा समुदाय वर उचलला, पखवाज जरा दाबून शब्द मोकळा केला, तर आपण सत्यापासून दूर जात नाही, उलट जवळ येतो.

यातून आपल्याला एक कसोटी सापडते. क्लिप तयार झाली की मांडवात प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला ती ऐकवावी. ती ऐकून तो सहज म्हणाला, "हो, हेच. असेच झाले होते आपले भजन," तर केलेली दुरुस्ती योग्य. आणि तो जरा थांबून म्हणाला, "छान आहे हो, पण हे कोण गातंय?" तर आपण मर्यादा ओलांडली.

या कसोटीला आपल्या परंपरेत आधार आहे. आपल्या संप्रदायाने एक फार मोठे शुद्धीकरण पाहिले आहे, आणि ते केले पैठणच्या एकनाथ महाराजांनी. माउलींची ज्ञानेश्वरी हातोहात उतरवली जात असताना तिच्यात चुकीचे पाठ शिरले होते. नाथांनी जुन्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्याचीच आठवण. नाथांनी काय केले ते नीट पाहा. जे बाहेरून आत आले होते ते काढले, जे मूळचे होते ते जागेवर ठेवले. ते स्वतः केवढे कवी! त्यांना एखादी ओवी अधिक सुंदर करता आली नसती का? पण त्यांनी आपली ओवी घातली नाही, आणि पुढच्यांनीही घालू नये असे निक्षून बजावले.

काढणे आणि घालणे यातला हा फरक आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. आपण हळद पिकवतो. काढलेली हळद शिजवतो, उन्हात वाळवतो आणि मग पॉलिशच्या ड्रममध्ये घालून फिरवतो. वरची खरबरीत साल, बारीक मुळ्या, माती निघून जाते आणि आतला पिवळा रंग उजळतो. तो रंग हळदीचा स्वतःचाच असतो. पॉलिश केलेली हळद बाजारात आणणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. पण त्याच हळदीवर जर कोणी शिसे असलेला लेड क्रोमेटचा पिवळा रंग चढवला, तर ती भेसळ झाली. ती दिसायला अधिक पिवळी, आणि खाणाऱ्याच्या पोटात विष. पॉलिश आणि रंग या दोन्हींनी हळद चमकतेच. एकीत हळदीचे हळदपण वर येते, दुसरीत ते झाकले जाते. सुरुवातीची खरखर काढणे, आवाजाचा समतोल साधणे हे पॉलिश. न लागलेला स्वर लागल्याचा भास निर्माण करणे हा चढवलेला रंग.

इथे कोणी म्हणेल, "स्वर थोडा सरळ केला तर कुणाच्या पोटात काय विष जाते?" जाते. कसे ते पाहू.

पहिली हानी चालीची. बारा ठरलेल्या स्वरांवर प्रत्येक आवाज ओढून बसवणाऱ्या यंत्राला मींड कळत नाही, स्वराचा हेलकावा कळत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यातच ज्या चालीचा जीव आहे, तिच्या त्याने पायऱ्या पाडल्या जातात. लयीचेही तसेच. आपले भजन संथ सुरू होते आणि नामाचा गजर होईपर्यंत चढत जाते. ते चढणे मोजून मापून होत नाही. टाळकऱ्यांच्या अंगात जसा रंग भरतो तशी लय वाढते. ती एका मापाला बांधून सारखी केली की ठोके बरोबर येतात आणि भजन बसते.

दुसरी हानी गाणाऱ्याची. यंत्राने सरळ केलेला आपला गळा दहा वेळा ऐकला की तो आपलाच वाटू लागतो. मग पहाटे काकड्याला उठून स्वर लावण्याची गरज कशाला भासेल? स्तुतीही येते, "वा महाराज, काय गळा लागला!" ती आपण घेतो. जे आपण केले नाही त्याची स्तुती पचवायला शिकणे, हे साधकाच्या वाटेवरचे मोठे निसरडे ठिकाण आहे.

तिसरी हानी दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. शेजारच्या गावात चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा असतो. आवाज फुटण्याचे वय. त्याला भजनाची ओढ आहे. तो फोनवर आपली गुळगुळीत क्लिप ऐकतो आणि मनाशी म्हणतो, "ही माणसे आपल्यासारखीच शेतात राबणारी, आणि गातात कशी! आपल्याला हे जमायचे नाही." तो टाळ खाली ठेवतो. त्याला कोणी सांगितलेले नसते की तो आवाज मुळात कुणाच्याच गळ्यातून निघालेला नव्हता. वाचकहो, आपला संप्रदाय सातशे वर्षे टिकला तो 'तूही गाऊ शकतोस' या एका आश्वासनावर. खोट्या गोडव्याने ते आश्वासन मोडते, आणि मोडल्याचा आवाजही होत नाही. एक मुलगा मांडवात येत नाही, इतकेच घडते.

चौथी हानी घरातली. भजन समुदायाचे असते. क्लिप नीट करताना कुणाचा तरी आवाज खाली आणला जातो. बहुतेक वेळा तो म्हाताऱ्या माणसाचा असतो. चाळीस वर्षे ज्यांनी वीणा सांभाळली, त्यांचा गळा आता कापतो. तरुणाला तो दोष वाटतो आणि बोटाच्या एका स्पर्शाने बाबा त्या भजनातून नाहीसे होतात. त्यांना विचारले होते का? कीर्तनात मागे उभे असताना त्यांना कोणी "गप्प राहा" म्हणण्याचे धाडस केले असते का? जे तोंडावर करण्याची आपल्याला लाज वाटली असती, ते फोनवर एकांतात करू नये. बायाबापड्यांचे आवाजही असेच जातात. त्या मांडवाच्या एका बाजूला बसलेल्या, फोनपासून लांब. त्या ऐकू याव्यात यासाठी आवाज वाढवला तर ती खरी दुरुस्ती.

आणखी एक. बाहेरच्याला जो गोंगाट वाटतो, त्यात आपल्या लोकांना अर्थ ऐकू येतो. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाला समाजआरती असते. चोपदार दंड उंचावतात आणि सगळ्या दिंड्या शांत होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. वारीची रीत माहीत नसलेल्या कुणी ते मुद्रण हाती घेतले, तर तो चुकार टाळ पहिल्याने काढून टाकील, आणि त्याबरोबर एका दिंडीचे म्हणणेही. म्हणून कापण्यापूर्वी, हा आवाज कुणाचा आणि तो का आला, हे जाणत्याला विचारावे.

मग काहीच सुधारू नये का? एक गोष्ट मात्र अवश्य सुधारावी, आणि तिच्याकडेच आपले कमी लक्ष असते. ती म्हणजे शब्द. स्वर चुकला तर तो चुकलेला म्हणून ऐकणाऱ्याला कळतो. शब्द चुकला तर तो कळत नाही, तोच पाठ होतो. मांडवात कुणी चरण चुकला तर शेजारचा माळकरी लगेच मोठ्याने बरोबर म्हणतो आणि चूक तिथेच मिटते. फोनवर ऐकणाऱ्या पोराला असा शेजारी नाही. तो चुकीचे पाठांतर तसेच उचलणार आणि पुढच्या पिढीला देणार. म्हणून चरण चुकलेला अभंग तसाच पाठवू नये. तो पुन्हा म्हणावा, पुन्हा भरावा, नाहीतर तेवढा भाग खुशाल कापावा.

स्वरापेक्षा शब्दाची राखण मोठी, हे आपल्याला नामदेव महाराजांच्या वाणीचा प्रवासच शिकवतो. कयाधूच्या काठी नरसीला त्यांचे जन्मस्थान आपण मानतो. तिथून पंढरी आणि पंढरीहून थेट पंजाबातले घुमान, इतके अंतर त्यांच्या वाणीने तोडले. शिखांचा आदिग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला आणि त्यात त्यांची ६१ पदे आदराने घेतली गेली. महाराजांचा गळा कसा होता ते आज कोणाला ऐकायला मिळणार? तिकडे त्यांची पदे ज्या रागांत गातात ते सूर वेगळे, इकडे आपल्या चाली वेगळ्या. सूर बदलले, मुख बदलले, मुलूख बदलला. वाणी मात्र राखली गेली.

औंढा नागनाथाची आख्यायिका तर आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली. देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना "मागे जा" म्हटले गेले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरले. त्या कथेत गळ्याची गोडी कुणी वर्णन करत नाही. देव कशाकडे फिरला हे लहान मुलालाही कळते.

पण आपल्या प्रश्नाला अगदी नेमकी भिडणारी कथा दुसरी आहे, तेरच्या गोरोबाकाकांची. संतमंडळी जमली असताना मुक्ताईंनी काकांना विचारले, ही मडकी थापायची वस्तू कशी वापरतात? आणि मग काकांनी थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर हलकेच वाजवले. सगळे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. काकांनी निवाडा दिला की हे मडके अजून कच्चे आहे. दुखावलेले नामदेव पंढरीला परतले आणि पुढे औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी येऊन पोहोचले.

कुंभार मडके पाहून पारखत नाही, वाजवून पारखतो. रंग लावून मडके कितीही सुबक दिसो, बोटाने टिचकी मारली की कच्चे कोणते, चिरलेले कोणते आणि पक्के कोणते ते नाद सांगतो. नाद खोटा बोलत नाही म्हणून तर ती परीक्षा. आता विचार करा, त्या दिवशी नामदेवांच्या जवळ नाद बदलणारे यंत्र असते आणि त्यांनी पक्क्या मडक्याचा आवाज काढून दाखवला असता, तर? अपमान टळला असता, आणि विसोबांची वाटही कायमची चुकली असती. कच्चेपण ऐकू आले म्हणूनच भट्टीत जाण्याची बुद्धी झाली.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ही कथा आपल्यापर्यंत आली. नामदेव संतांचे शिरोमणी झाले, तरी त्यांच्या चरित्रातून हा प्रसंग कुणी कापला नाही. सातशे वर्षे कीर्तनकार तो रंगवून सांगत आहेत आणि ऐकणारे माना डोलवत आहेत. त्याने नामदेवांचे थोरपण कमी झाले नाही. उलट मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या साध्या माणसाला धीर आला, की आज कच्चे असणे म्हणजे कायमचे टाकाऊ असणे नव्हे. आपल्या क्लिपमधला एखादा हुकलेला स्वर तसाच राहिला, तर तोही कुणाला असाच धीर देईल.

आता एक अवघड प्रकरण उरते, तेही टाळू नये. समजा, एखाद्या मुलीने अभंग फार सुंदर म्हटला, फक्त एका जागी दम तुटला. दुसऱ्या दिवशी तिने तीच जागा छान घेतली. दोन्ही जोडले तर? गळा तिचा, स्वर तिचे, यंत्राने काही घातलेले नाही. माझे मत असे की जोडावे आणि खाली एक ओळ लिहावी, 'दोन वेळा गाऊन जोडले आहे.' त्या ओळीने अभंगाची गोडी रतीभरही कमी होत नाही. ती ओळ लिहायला मन कचरत असेल, तर मात्र जोडू नये. लपवावेसे वाटणे हीच मडक्यातली चीर.

तेव्हा मंडळातल्या त्या तरुणाला आपण असे सांगू या. बाळा, पुढचा-मागचा गोंगाट काढ. शब्द मोकळा कर. समुदाय ऐकू येऊ दे, वीणा ऐकू येऊ दे. चुकलेला चरण सुधारून घे. म्हाताऱ्याचा गळा पुसू नकोस. हुकलेला स्वर यंत्राकडून सरळ करून घेऊ नकोस. तो उद्या काकड्याला तू आणि मी मिळून लावू. आणि सगळे झाले की फोन घेऊन विणेकरी बाबांकडे जा, त्यांच्या कानाशी धर आणि विचार, "बाबा, हे आपलेच ना?"

ते "हो" म्हणाले की खुशाल टाक.

राम कृष्ण हरी.